सिफ्नोस : माथ्यावरची गावे आणि खालचे किनारे

ग्रीसमधील बेट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढरी घरे, निळे घुमट आणि घराच्या ओट्याला येऊन टेकलेला समुद्र असे एकच चित्र उभे राहते. सिफ्नोस बेटावर पांढरा आणि निळा रंग भरपूर आहे, पण गाव आणि समुद्र यांचा तेथे शेजार नाही. या बेटावरील बहुतेक जुनी गावे समुद्रापासून बरीच उंचावर, एका लांब डोंगरधारेवर एकमेकांना खेटून बसलेली आहेत. किनारे खाली, दूरदूरच्या खाड्यांमध्ये आहेत आणि पर्यटक येऊ लागेपर्यंत ते प्रामुख्याने कुंभार, कोळी आणि मठवासी यांच्याच वापरात होते. बेटावर येणारे बरेचसे प्रवासी थेट किनाऱ्यावर मुक्काम करतात आणि गावे संध्याकाळच्या जेवणापुरती पाहतात. हा क्रम उलटा लावला, म्हणजे आधी वरच्या गावात राहून तेथून पायवाटेने एकेका किनाऱ्यावर उतरत गेले, तरच सिफ्नोस नीट कळते असे माझे मत झाले आहे, कारण येथील प्रत्येक किनाऱ्याला वरच्या वस्तीने काही ना काही काम नेमून दिलेले होते.

सिफ्नोस हे किक्लादेस द्वीपसमूहाच्या पश्चिम रांगेत, सेरिफोस आणि मिलोस या बेटांच्या मध्ये आहे. क्षेत्रफळ सुमारे ७४ चौरस किलोमीटर आणि कायमची वस्ती अडीच हजारांच्या आसपास. बेटावर विमानतळ नाही, आणि येथील शांततेचे निम्मे श्रेय मी या एका गोष्टीला देईन. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून जलद बोटीने अडीच ते तीन तास लागतात, तर मोटारी वाहून नेणारी मोठी बोट साधारण पाच तास घेते. मोठ्या बोटीच्या उघड्या डेकवर उभे राहून वाटेतली बेटे पाहता येतात, म्हणून आम्ही तीच निवडली. आमच्या बोटीतील बरेच लोक पुढे मिलोसला निघालेले होते आणि सिफ्नोसला उतरणाऱ्यांची रांग फारशी लांब नव्हती. अर्थात 'शांत' हे विशेषण ऑगस्टला लागू पडत नाही, कारण त्या महिन्यात निम्मे अथेन्स सुटीसाठी बेटांवर लोटते. आम्ही सप्टेंबरच्या अखेरीस गेलो होतो. तेव्हा समुद्राचे पाणी उन्हाळाभर तापून पोहण्याजोगे उबदार असते आणि उत्तरेकडून वाहणाऱ्या 'मेल्तेमी' वाऱ्याचा जुलै-ऑगस्टमधील जोरही ओसरलेला असतो.

बोट लागते ती पश्चिमेकडील कामारेसच्या आखातात. दोन्ही बाजूंना उघडेबोडके, जवळजवळ उभे कडे आणि त्यांच्या तळाशी वाळूचा लांब पट्टा आहे. बंदर असूनही पाणी इतके नितळ आणि उथळ आहे की लहान मुले घेऊन आलेली कुटुंबे येथेच राहणे पसंत करतात. या बाजूने पाहणाऱ्याला बेटावर मोठी वस्ती असेल अशी शंकाही येत नाही. एजियन समुद्रात चाच्यांचा उपद्रव कित्येक शतके चालू होता आणि समुद्रावरून सहज दिसेल अशा ठिकाणी घर बांधणे म्हणजे त्यांना आमंत्रण देण्यासारखे होते. कामारेसची आजची वस्ती त्यामुळे तुलनेने अलीकडची आहे. बंदरापासून सुमारे पाच किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता एका कोरड्या घळीतून वर चढतो, आणि धारेवर आल्यावर पूर्वेकडच्या उतारावर पांढऱ्या घरांची रांगच्या रांग अचानक समोर येते. बेटाची मुख्य वस्ती पूर्वेच्या या सौम्य उतारावर आहे, कारण बांध घालून शेती करता येईल अशी जमीन याच बाजूला आहे.

राजधानीचे नाव आपोलोनिया. तिला लागूनच आनो पेताली, कातो पेताली, आर्तेमोनास, कातावाती आणि एक्झांबेला ही गावे आहेत. नकाशात ती वेगळी दिसतात, पण चालताना एक गाव कधी संपले आणि दुसरे कधी सुरू झाले हे कळत नाही. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की मोटार आत येऊच शकत नाही. सामान बससारख्या वाहनातून उतरवून हातानेच न्यावे लागते. पायाखालच्या फरशीच्या दगडांमधील सांधे चुन्याने रंगवलेले असतात आणि सणासुदीच्या आधी हे काम पुन्हा नव्याने केले जाते. घरांच्या धुराड्यांवर मातीची भांडी उपडी घातलेली दिसतात. त्यांना येथे 'फ्लारोस' म्हणतात आणि ती बेटावरच्याच कुंभारांनी घडवलेली असतात. चर्च तर इतकी आहेत की वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक, असे स्थानिक लोक सांगतात. त्यातील पुष्कळशी एका कुटुंबाच्या मालकीची, जेमतेम दहा-बारा माणसे मावतील एवढीच आहेत.

आपोलोनियाच्या मधोमध 'स्तेनो' नावाची गल्ली आहे. दिवसा ती निवांत असते आणि अंधार पडल्यावर दुकाने, उपाहारगृहे आणि मद्यालये यांनी गजबजते. एकदा पाहण्यापुरती ती ठीक आहे. राहण्यासाठी मात्र मी आर्तेमोनास सुचवेन. जहाजांवरून आणि व्यापारातून पैसा मिळवलेल्या जुन्या घराण्यांचे वाडे तेथे आहेत, बागांच्या भिंतींवरून लिंबाच्या फांद्या बाहेर झुकलेल्या असतात, जवळच्या उंचवट्यावर जुन्या पवनचक्क्या आहेत आणि बदामाच्या मिठाईचा वास गल्लीच्या वळणावरच येतो. अपोलो आणि आर्तेमिस या जुळ्या दैवतांची नावे शेजारशेजारच्या गावांना असावीत, याची बेटावरील लोकांना गंमत वाटते आणि ते ती आवर्जून सांगतात. आमच्या घरमालकीणबाई, ज्यांना सगळे आदराने 'किरिया' म्हणत, रोज सकाळी आमचा त्या दिवसाचा मार्ग विचारून घेत आणि वाटेत पाणी कोठे मिळणार नाही तेवढे नेमके सांगत. मिळेल कोठे हे त्यांनी कधी सांगितले नाही, आणि उन्हात चालणाऱ्याला खरी गरज पहिल्याच माहितीची असते.

जुन्या गावांपैकी समुद्राच्या अगदी कडेला असलेले गाव एकच, कास्त्रो, आणि तेही किनाऱ्यावर नसून कड्यावर आहे. आपोलोनियापासून पूर्वेला सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात घुसलेल्या एका टेकडीच्या माथ्यावर हे गाव वसलेले असून १८३६ पर्यंत बेटाची राजधानी येथेच होती. चौदाव्या शतकापासून दा कोरोन्या आणि त्यानंतर गोझादिनी या लॅटिन, म्हणजे पश्चिम युरोपातून आलेल्या कॅथलिक, घराण्यांनी येथून राज्य केले. १६१७ मध्ये बेट ऑटोमन सत्तेखाली गेले. कास्त्रोला स्वतंत्र तटबंदी बांधलेलीच नाही. टेकडीभोवती लंबवर्तुळात घरे एकमेकांना चिकटवून बांधली आणि त्यांच्या बाहेरच्या बाजूच्या आंधळ्या भिंती हाच तट ठरवला. आत शिरायला 'लोत्झिया' नावाचे झाकलेले बोळ आहेत, जे संकटाच्या वेळी बंद करता येत. आतल्या गल्ल्या दोन पातळ्यांवर आहेत: खालच्या गल्लीत तळमजल्यांची दारे उघडतात आणि वरच्या मजल्यांकडे वरच्या गल्लीतून, काही ठिकाणी छोट्या पुलांवरून जावे लागते. अशा रीतीने एकाच इमारतीत दोन कुटुंबे राहत, आणि दोघांची दारे दोन वेगवेगळ्या रस्त्यांना लागत. जागेची टंचाई आणि जिवाची भीती या दोन कारणांतून निघालेली ही रचना आज पाहताना अत्यंत सुंदर वाटते, ही गोष्ट मला जरा अवघडल्यासारखी करते.

कास्त्रोच्या गल्ल्यांत रोमन काळातील संगमरवरी शवपेट्या उघड्यावर ठेवलेल्या आहेत. त्यांच्यावर माळा आणि बैलांची शिरे कोरलेली दिसतात आणि त्यांच्याजवळून लोक पिशव्या घेऊन घरी जात असतात. जुने संगमरवरी खांब घरांच्या भिंतींत बसवलेले आहेत. गावात एक लहान पुरातत्त्व संग्रहालय आहे, पण खरे सांगायचे तर ते पाहिले नाही तरी गल्ल्यांतून बरेचसे काम भागते. कड्याच्या खाली, समुद्रात पुढे आलेल्या एका खडकावर 'सात हुतात्म्यां'चे छोटे पांढरे चर्च आहे. तेथपर्यंत पायऱ्या उतरतात आणि धीट पोहणारे त्या खडकांवरून सरळ पाण्यात उडी घेतात. वाळूच्या किनाऱ्याची अपेक्षा ठेवून कास्त्रोला येणाऱ्यांची निराशा होईल. खोल, गडद निळ्या पाण्यात पोहता येणाऱ्यांना मात्र याहून चांगली जागा बेटावर नाही, असे मी म्हणेन. वारा उत्तरेचा असेल तर येथे उतरू नये, कारण पूर्वेची ही बाजू लाटांच्या थेट माऱ्यात येते.

प्राचीन काळी याच टेकडीवर बेटाचे मुख्य शहर होते, आणि त्याची श्रीमंती सोन्या-चांदीच्या खाणींवर उभी होती. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने आपल्या इतिहासात सिफ्नोसच्या लोकांना सर्व बेटवासीयांत सर्वांत धनवान म्हटले आहे. खाणींचे वार्षिक उत्पन्न ते आपसांत वाटून घेत आणि त्यातील दशांश भागातून त्यांनी ग्रीसच्या मुख्य भूमीवरील डेल्फीला अपोलोच्या क्षेत्रात स्वतःचे कोषागार उभारले. इसवी सनापूर्वी ५२५ च्या सुमारास बांधलेल्या त्या लहानशा संगमरवरी वास्तूच्या दर्शनी बाजूला खांबांऐवजी स्त्रीमूर्ती होत्या आणि तिच्यावरील देव-दैत्यांच्या युद्धाचा शिल्पपट्ट आज डेल्फीच्या संग्रहालयात आहे. आपली भरभराट टिकेल का, असे सिफ्नोसच्या लोकांनी तेथील देववाणीला विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, तुमचे सभागृह आणि बाजारचौक पांढरे होतील तेव्हा लाकडी दगाबाजापासून आणि लाल दूतापासून सावध राहा. बाजार आणि सभागृह त्याच वेळी पारोसच्या पांढऱ्या संगमरवराने सजवलेले होते. थोड्याच काळात सामोस बेटावरील बंडखोरांची लाल रंगाने रंगवलेली जहाजे आली, त्यांनी दहा टॅलेंट (मौल्यवान धातू मोजण्याचे प्राचीन वजन) उसने मागितले, नकार मिळताच शेते लुटली आणि शेवटी शंभर टॅलेंट खंडणी घेऊन गेले. ज्या बेटाला पांढऱ्या रंगाची अशी ताकीद मिळाली होती, त्याचा उंबरठा-उंबरठा आज पांढरा आहे.

खाणींचा शेवट कसा झाला याची कथा पाउसानियास या प्राचीन ग्रीक प्रवासलेखकाने दिली आहे: लोभापायी लोकांनी देवाचा दशांश देणे बंद केले आणि समुद्राने खाणी बुडवल्या. देवाचा कोप बाजूला ठेवला तरी पाण्याची गोष्ट खरी आहे, कारण ईशान्य किनाऱ्यावरील आयिओस सोस्तिस येथे प्राचीन खाणींचे बोगदे आजही आहेत आणि त्यांपैकी काहींत समुद्राचे पाणी शिरलेले आहे. तेथे शिशाच्या आणि चांदीच्या धातुकासाठी इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकातच खोदकाम सुरू झाले होते. पुढे ही संपत्ती संपल्यावर बेटाने मातीकडे मोर्चा वळवला. सोन्याने जितके दिवस साथ दिली त्याहून मातीची साथ अधिक विश्वासाची ठरली, असे आजचे सिफ्नोस पाहून म्हणता येते.

माथ्यावरची गावे आणि खालचे किनारे यांना जोडणाऱ्या जुन्या दगडी वाटा हेच या बेटाचे खरे वैभव आहे. गाढवे आणि माणसे यांच्यासाठी बांधलेल्या या वाटा अलीकडे साफ करून, क्रमांकाचे फलक लावून खुल्या केल्या आहेत आणि त्यांची एकूण लांबी शंभर किलोमीटरच्या आसपास भरते. वाटेच्या दोन्ही बाजूंना चुना किंवा सिमेंट न वापरता रचलेले दगडी बांध आहेत. बांधकामाची ही कला ग्रीससह आठ देशांच्या नावे २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदली गेली. बांधांच्या मागच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत ऑलिव्ह आहेत, काही ठिकाणी अजून चणे आणि जव पेरले जातात, पण बरीचशी शेते ओस पडून थाइम आणि ओरेगानोच्या झुडपांनी व्यापली आहेत. मधूनच जाळीदार नक्षीची कबुतरांची दगडी घरे लागतात, तर टेकड्यांवर प्राचीन गोल बुरुजांचे अवशेष दिसतात. असे सत्तरहून अधिक बुरुज बेटावर नोंदले गेले आहेत. एका बुरुजावरून दुसरा दिसेल अशी त्यांची मांडणी होती आणि धुराने किंवा जाळाने इशारा पुढे पोहोचवला जाई. एकंदरीत समुद्राकडून काय येईल याची धास्ती येथे फार जुनी आहे.

आम्हाला सर्वांत आवडलेली वाट कास्त्रोवरून दक्षिणेला फारोसकडे जाणारी. वाट समुद्राच्या वर राहून चालते, सावली जवळजवळ नाही, आणि शेवटी फारोसच्या लहान बंदरात उतरते. मासेमारीची होडकी, किनाऱ्याला लागून मोजक्या खानावळी आणि तीन बाजूंनी झाकलेले शांत पाणी एवढाच फारोसचा पसारा आहे. शेजारी फासोलू आणि ग्लिफो हे आणखी दोन छोटे किनारे आहेत. ग्लिफोवरून खडकाला चिकटून जाणारी पायवाट ख्रिसोपिगीच्या मठापाशी नेते. एका चिंचोळ्या भूशिरावर १६५० मध्ये बांधलेला हा मठ आणि बेट यांच्यामध्ये एक अरुंद भेग आहे, ती छोट्या पुलाने ओलांडावी लागते. दंतकथा अशी की, चाचे मागे लागले असताना मठात आश्रयाला आलेल्या स्त्रियांनी देवमातेचा धावा केला आणि खडक दुभंगून चाचे पाण्यात पडले. ख्रिसोपिगीची देवमाता ही बेटाची रक्षणकर्ती मानली जाते आणि ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी, स्वर्गारोहणाच्या सणाला, येथे बेटावरील सर्वांत मोठा उत्सव भरतो. मठाभोवतीचे सपाट खडक पोहणाऱ्यांच्या आवडीचे आहेत, आणि पलीकडच्या आपोकोफ्तो किनाऱ्यावर वाळू असून झाडांखाली बसता येते. मठाच्या इतक्या जवळ पोहण्याच्या कपड्यांत फिरणे प्रशस्त नव्हे. तेथे तसा फलक असो वा नसो, अंगावर काही घेऊनच पुलावर जावे.

याच वाटेने पुढे प्लातिस यालोस लागते. लांबलचक वाळू, ओळीने मांडलेल्या खुर्च्या, हॉटेले. किनारा चांगला आहे आणि त्याविषयी आणखी लिहिण्यासारखे मला काही सापडले नाही.

वाथी मात्र वेगळे आहे. नैर्ऋत्येकडील या जवळजवळ गोल उपसागरात १९९० च्या दशकापर्यंत मोटारीचा रस्ता नव्हता. यायचे तर होडीने किंवा डोंगरातून पायी. आता बस येते, तरी आम्ही कातावातीकडून चालत उतरलो. वाटेत बेटाचे सर्वोच्च शिखर, सुमारे ६८० मीटर उंचीचे प्रोफितिस इलिआस, उजव्या हाताला राहते. खाली आल्यावर पाण्याच्या अगदी काठावर ताक्सिआर्खिस, म्हणजे देवदूतांचे, दुहेरी छताचे पांढरे चर्च दिसते. उपसागराचे तोंड अरुंद असल्याने पाणी तळ्यासारखे स्थिर असते, आणि कितीही आत चालत गेले तरी ते कमरेच्या वर येत नाही असे वाटत राहते. किनाऱ्यावर खारट मातीत तग धरणारी आल्मिरिकीची झाडे आहेत आणि त्यांच्या सावलीत खानावळींची टेबले मांडलेली असतात.

झाडांच्या मागे कुंभाराची कार्यशाळा आहे, आणि वाथीचे मूळ काम तेच होते. सिफ्नोसच्या कुंभारांनी आपल्या भट्ट्या वरच्या गावांत न ठेवता वाथी, फारोस, प्लातिस यालोस, कामारेस आणि उत्तर टोकाच्या हेरोनिसोस येथील खाड्यांत उभारल्या. यामागे सरळ व्यवहार होता. वाऱ्यापासून झाकलेल्या जागेत भट्टीचा जाळ आटोक्यात राहतो, आणि भाजून झालेला माल गाढवावर न लादता थेट होडीत भरता येतो. भांड्यासारखा फुटणारा माल दगडी वाटेने वर-खाली नेणे कोणत्याही कुंभाराला परवडणारे नव्हते. येथील मातीची भांडी आच सहन करणारी म्हणून साऱ्या एजियन समुद्रात विकली जात, आणि सिफ्नोसचे कुंभार हंगामापुरते इतर बेटांवर आणि मुख्य भूमीवर जाऊन तेथेही भट्ट्या लावत. अथेन्सजवळच्या मारूसी भागातील कुंभारकामात त्यांचा मोठा वाटा आहे. धातूची आणि प्लास्टिकची भांडी आल्यावर धंदा खालावला, पण संपला नाही. वाथीत आणि हेरोनिसोसमध्ये आजही चाकावर बसलेला माणूस पाहता येतो, आणि तो घडवत असलेले भांडे शोभेचे असेलच असे नाही.

त्या भांड्यात शिजणारा पदार्थ म्हणजे रेविथाडा, आणि मांसाहार न करणाऱ्या मराठी माणसासाठी ही बातमी महत्त्वाची आहे. भिजवलेले काबुली चणे, भरपूर कांदा, ऑलिव्ह तेल आणि डाफ्नीची (तमालपत्रासारखी सुवासिक) पाने 'स्केपास्तारिया' नावाच्या झाकणाच्या मातीच्या भांड्यात घालून शनिवारी संध्याकाळी लाकडाच्या भट्टीत ठेवतात. रात्रभर मंद आचेवर शिजलेले भांडे रविवारी सकाळी चर्चमधील प्रार्थना आटोपल्यावर बाहेर काढले जाते आणि वर लिंबू पिळून पावाबरोबर खाल्ले जाते. मसाला जवळजवळ नसतो. पहिल्या घासाला आमच्या जिभेने तक्रार केली खरी, पण चण्यांचे अंगचे दाटपण आणि कांद्याचा विरघळलेला गोडवा ध्यानात आल्यावर वाटी रिकामी व्हायला वेळ लागला नाही. खानावळींत हा पदार्थ रविवारीच मिळतो आणि दुपारी उशिरा गेल्यास संपलेला असतो. याखेरीज वाटलेल्या चण्यांच्या मिश्रणाची तळलेली वडी, केपरच्या कळ्यांची आंबट कोशिंबीर, द्राक्षारसाच्या गाळात मुरवलेले 'मानूरा' चीज आणि मधाची 'मेलोपिता' हे सारे शाकाहारी आहे. ऑर्थोडॉक्स पंथातील उपासाचे दिवस पुष्कळ आणि उपासाला मांस, दूध, अंडी वर्ज्य, म्हणून कडधान्यांचा हा स्वयंपाक इतका विकसित झाला. ईस्टरला याची कसर भरून काढतात: 'मास्तेलो' या मातीच्या भांड्यात द्राक्षाच्या काटक्यांवर कोकराचे मांस, वाइन आणि शेपू घालून तेही भट्टीतच शिजवतात.

ग्रीसमधील सर्वांत प्रसिद्ध पाकशास्त्री निकोलाओस त्सेलेमेंतेस (१८७८–१९५८) यांचे मूळ गाव एक्झांबेला. मूसाकावर, म्हणजे वांगी आणि खिमा यांचे थर भाजून केलेल्या पदार्थावर, दूध-मैद्याच्या बेशामेल सॉसचा जाड थर चढवण्याची पद्धत त्यांच्यामुळे घरोघरी पोहोचली. फ्रेंच पाककलेचा त्यांच्यावर मोठा पगडा होता आणि ग्रीक स्वयंपाक त्यांना त्या वळणावर न्यायचा होता. त्यांच्या नावाने बेटावर दर सप्टेंबरमध्ये खाद्यमहोत्सव भरतो, तेव्हा सगळे लोक चणे आणि मातीची भांडी यांचेच गुणगान करतात, हा विनोद त्यांना कितपत रुचला असता कोण जाणे.

गावे आणि किनारे यांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसते ते 'पानिगिरी' म्हणजे चर्चच्या वार्षिक उत्सवात. प्रत्येक उत्सवाला एक मानकरी असतो. चर्चमधील पवित्र चित्र वर्षभर त्याच्या घरी राहते आणि उत्सवाच्या संध्याकाळी येणाऱ्या सर्वांना जेवण घालणे ही त्याची जबाबदारी असते. चर्चला लागूनच लांब टेबलांची एक खोली असते, तेथे लोक पाळीपाळीने जेवतात आणि मग व्हायोलिन आणि लाउतो या तंतुवाद्याच्या साथीने उत्सव रात्री उशिरापर्यंत चालतो. परक्यालाही येथे बसवून घेतात. आम्ही ज्या चर्चपाशी गेलो होतो ते वस्तीपासून दूर, खाली समुद्राकडे होते; वरच्या गावांतले म्हातारेकोतारे काठी टेकत उतरले होते, आणि जेवण झाल्यावर पैसे विचारण्याचा आमचा प्रयत्न शेजारच्या आजोबांनी हातानेच थांबवला. चर्चच्या पेटीत मेणबत्तीसाठी नाणे टाकावे, एवढाच रिवाज.

हे सारे टिकेल का, ही शंका आता बेटावरच बोलली जाते. वारसा जपणाऱ्या युरोपा नोस्त्रा या संस्थेने २०२४ मध्ये युरोपातील सर्वाधिक धोक्यातील सात वारसास्थळांत किक्लादेस बेटांचा, आणि त्यातही सिफ्नोस, सेरिफोस व फोलेगांद्रोस यांचा समावेश केला. चाच्यांची भीती गेली, विमानतळ नसल्याची अडचण श्रीमंतांना जाणवत नाही, आणि मोकळे उतार विकत घेऊन खासगी पोहण्याच्या तलावांचे बंगले बांधले जात आहेत. पाऊस कमी आणि गोड्या पाण्याची चणचण असलेल्या बेटावर, समुद्र समोर असताना, प्रत्येक बंगल्याला तलाव कशासाठी लागतो हे मला समजलेले नाही. नुकसान केवळ पाण्याचे नाही. बंगल्यापर्यंत रस्ता काढण्यासाठी बांध फोडले जातात आणि बांध फुटला की पावसाळ्यात मागची मातीही वाहून जाते. पायवाटेने चालताना हे पहिल्यांदा दिसते. मोटारीतून जाणाऱ्याला तो नवा गुळगुळीत रस्ताच दिसतो.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. भाड्याच्या मोटारीची गरज नाही. आपोलोनियाच्या चौकातून कामारेस, कास्त्रो, फारोस, प्लातिस यालोस आणि वाथी येथे बस जातात, त्यामुळे पायी उतरायचे आणि बसने वर यायचे असा बेत सहज जमतो. चालण्यासाठी टाच पकडणारे बूट हवेत, कारण वाटांवरचे दगड झिजून गुळगुळीत झाले आहेत. ऑक्टोबर सरू लागला की बोटींच्या फेऱ्या कमी होतात आणि किनाऱ्यांवरच्या खानावळी एकेक करून दारे लावतात, म्हणून सप्टेंबर किंवा मे-जून हेच काळ उत्तम. मे महिन्यात उतार हिरवे आणि फुलांनी भरलेले असतात, पण पाणी गार असते. सप्टेंबरमध्ये डोंगर वाळून तपकिरी झालेले असतात आणि समुद्र उबदार. मुक्कामात एक रविवार येईल अशा बेताने बोटीची तिकिटे काढावीत, आणि शनिवारीच खानावळीत सांगून चण्यांचा वाटा राखून ठेवावा.